नसेभोवती जाळी धरेल म्हणून पाठ धरून बसू नका

प्रश्न : माझं वय ३९. कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. सात महिने डाव्या पायाच्या सायटिकानं हैराण होते. एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. १९ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पायातली कळ दुसऱ्या दिवशी गेली. पण माझ्या दिरांचं असंच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं होतं. सहा महिने बरे होते, मग पुन्हा पाय दुखायला लागला. एमआरआय काढला तर ‘नसेभोवती जाळी धरली आहे’ असं निघालं. तेव्हापासून ते गोळ्यांवरच आहेत. आता माझ्याही पावलात मधूनच मुंग्या येतात आणि छातीत धस्स होतं. सासूबाई म्हणतात, तीन महिने पाठ टेकून पडून राहा, हललीस तर आतलं सुटेल. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं की रोज पाय जोरात ताणला नाही तर नस चिकटते. शेजारच्या बाई म्हणतात, सुजेच्या गोळ्या चालू ठेव, जाळी विरघळते. मालीश करू का? कोणाचं ऐकू? ही जाळी धरूच नये म्हणून काय करायचं?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘पायातली कळ दुसऱ्या दिवशी गेली’ ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत आणि बाकीचं सगळं पत्र भीतीचं आहे. पंचवीस वर्षं मी मणक्याच्या ऑपरेशननंतर माणसांना उठवायचं, चालवायचं काम करते आहे. ही एक ओळ माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची. कळ लगेच गेली याचा अर्थ नसेवरचा दाब निघाला. ऑपरेशन ज्यासाठी केलं ते झालं. आधी हे मनाशी धरा, मग पुढचं वाचा.

आधी मुंग्यांचं बोलू, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली आहे. मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय बधिर होतो. पाय मोकळा केला की तो लगेच ताळ्यावर येत नाही. आधी मुंग्यांचं मोहोळ उठतं, चार-दोन चमका येतात आणि मगच पाय आपला वाटायला लागतो. ती नस काही मिनिटं दबलेली असते. तुमची सात महिने दबलेली होती. ती जागी होताना मुंग्या येणार, बोटांत गरम-गार वाटणार, एखाद्या दिवशी पोटरीत जुनी रग डोकावून जाणार. बधिरपणा तर कळ गेल्यावरही बरेच आठवडे, कधी काही महिने रेंगाळतो. आणि जाळी म्हणून जिची भीती घालतात ती एकोणिसाव्या दिवशी आवळण्याइतकी पक्की झालेलीच नसते. तिचा त्रास व्हायचाच असेल तर तो मधला चांगला काळ गेल्यावर, हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी चढत जातो. त्यामुळे आजच्या मुंग्यांचा आळ जाळीवर घेऊ नका.

आता ही जाळी म्हणजे काय ते सांगते. ते एकदा कळलं की व्हिडिओवाल्याचं किती खरं आणि सासूबाईंचं किती खरं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचं छप्पर असतं. नसेपर्यंत पोचायला सर्जन आधी पाठीचे स्नायू हाडावरून थोडे सोडवतात. मग त्या छपराला छोटी खिडकी पाडतात, आतला पिवळा पडदा बाजूला करतात, नस अलगद सरकवतात आणि गादीचा बाहेर आलेला तुकडा उचलतात. नसेभोवती मुळात लोण्यासारखी मऊ चरबी असते. तिच्यामुळे नस मोकळी राहते, घासत नाही. ऑपरेशनमध्ये त्यातली थोडी चरबी जाते आणि त्या जागी थोडं रक्त साकळतं. शरीराच्या लेखी ही जखम आहे आणि जखम भरायची शरीराची रीत एकच. पहिले काही दिवस सूज असते. मग दोन-तीन आठवडे धागे विणायचं काम जोरात चालतं. त्यानंतर कितीतरी महिने, वर्षभरसुद्धा, ते धागे आवळत, ओळीत येत, पक्के होत राहतात. लारोका आणि मॅकनॅब या सर्जननी १९७४ साली या जाळीच्या पडद्याचं वर्णन केलं होतं. पाठीच्या सोललेल्या स्नायूंकडून हे धागे आत उतरतात, असं त्यांनी मांडलं. कातडीवर तुम्हाला जी टाक्यांची रेघ दिसते, तिचाच हा आत पोचलेला भाग समजा.

म्हणजे जाळी धरूच नये यासाठी काय करू, या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की ती धरणारच. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या पाठीत ती थोडीफार धरते. ती धरली नसती तर जखमच भरली नसती. प्रश्न एवढाच की ती किती धरते आणि तिच्यातून नस सरकती राहते की नाही.

उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या तुम्ही घातल्याच असतील. प्लास्टिकवर घातल्या आणि तासाभरात उलटायला गेलो तर लगदा होतो. दोन दिवस हातच लावला नाही तर कडा धरून बसतात आणि काढताना तुकडे पडतात. वरून सुकली, खालून अजून ओलसर आहे अशा वेळी अलगद कड उचलून उलटली की पापडी सुटी राहते. नसेचं जवळपास असंच आहे. पाय सरळ उचलला की कमरेतून निघालेली ही नस आत काही मिलिमीटर सरकते. एवढंसंच सरकणं, पण भरून येणाऱ्या जखमेत ते दिवसातून शेकडो वेळा होत राहिलं तर भोवतीचे धागे त्या सरकण्याला जागा ठेवून विणले जावेत, असा आम्हा लोकांचा विचार आहे. ओरबाडून ताणलं तर ताज्या जखमेला पुन्हा इजा, पुन्हा सूज आणि सुजेमागून आणखी धागे.

दिरांच्या रिपोर्टनं तुम्हाला जास्त घाबरवलं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गादीचं ऑपरेशन झालेल्या १९७ जणांचे एमआरआय तपासले होते. ज्यांच्या नसेभोवती फार दाट जाळी होती त्यांच्यात पायदुखी पुन्हा उद्भवायचं प्रमाण इतरांच्या ३.२ पट निघालं. तेव्हा दाट जाळीचा आणि दुखण्याचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या अभ्यासांत असा संबंध सापडलेला नाही. आणि भरपूर जाळी असूनही ठणठणीत असलेली माणसं मी रोज बघते. एमआरआयमध्ये जाळी दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. तेच दुखणं गादीचा तुकडा पुन्हा बाहेर आल्यानं होऊ शकतं. गादीच्या ऑपरेशननंतर साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा जणांत तसं होतं. नसेची वाट मुळातच अरुंद असल्यानं होऊ शकतं, शेजारच्या सांध्यामुळे होऊ शकतं. ‘जाळी’ हा शब्द ऐकला की घरचे कपाळाला हात लावतात आणि पुढची तपासणी तिथंच थांबते. मला याचं फार वाईट वाटतं.

जाळी आणि पुन्हा सरकलेली गादी वेगळी ओळखायला शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन एमआरआय काढतात. जाळीत रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे ती औषध घेऊन उजळते. गादीचा तुकडा सुरुवातीला मधोमध काळाच राहतो. हे औषध देण्याआधी मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते बघावं लागतं. दिरांचा एमआरआय औषध देऊन काढला होता का, एवढं त्यांना विचारा. तुम्ही मात्र सध्या नुसत्या भीतीपोटी एमआरआय काढायला जाऊ नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्या जागी सूज, साकळलेलं रक्त, नवे धागे यांचा इतका गर्दा असतो की बरं होत असलेल्या पाठीचा फोटोही भयंकर दिसतो.

जाळी कमी धरावी म्हणून जे करायचं त्यातला मोठा वाटा ऑपरेशन टेबलावरच उरकलेला असतो. छोटा छेद, स्नायूंची कमी ओढाताण, रक्तस्राव नीट थांबवणं, पिवळा पडदा आणि चरबी जमेल तेवढी राखणं. १९७७ साली यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गादी काढायची पद्धत मांडली, त्यामुळे हे सगळं पुष्कळ सोपं झालं. तुमचं ऑपरेशन त्याच परंपरेतलं. नसेवर काहीतरी पसरून जाळी अडवायचे प्रयोगही बरेच झाले. पेशंटच्याच चरबीचा तुकडा ठेवून पाहिला. अमेरिकेत १९९८ साली एका जेलला मंजुरी मिळाली, मग मज्जारज्जूभोवतीचं पाणी पाझरत राहिल्याच्या तक्रारी आल्या आणि काही वर्षांतच ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. खात्रीनं जाळी अडवणारं औषध किंवा लेप अजून हाती नाही. ‘आमच्या डॉक्टरांनी ते का नाही लावलं’ ही रुखरुख मनात असेल तर काढून टाका.

आता तुमच्या हातात काय आहे? चालणं.

तुम्हाला हे फार साधं वाटेल. पण चालताना दर पावलाला नस थोडी पुढे-मागे सरकते, कमरेच्या बारक्या स्नायूंना रक्त मिळतं, पोटऱ्यांत रक्त साकळत नाही आणि बसल्यावर मणक्यातल्या गादीवर येतो तेवढा दाबही येत नाही. एका दमात पाऊण तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं पाच वेळा चाला. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. कराडात माहेरी किंवा कोणाकडे असाल तर सकाळी प्रीतिसंगमाच्या बागेत सपाटीवरून चाला, घाटाच्या पायऱ्या सध्या नकोत. गावात असाल तर डांबरी रस्त्याची कड बरी. शेताच्या बांधावरून नको, तिथं पाय मुरगळतो आणि कंबर हिसका खाते. चालताना पाठीत थोडं अवघडलं तर चालेल. पायातली कळ खाली-खाली उतरायला लागली, गुडघ्याखाली गेली आणि थांबल्यावरही अर्धा-पाऊण तास हटली नाही, तर त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी निम्म्यानं सुरू करा.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या पिढीनं जे पाहिलं तेच त्या सांगताहेत. माझ्या वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन १९९३ साली झालं, तेव्हा त्यांना तीन आठवडे पाठीवरून उठू दिलं नव्हतं. मी अकरावीत होते. उठवलं त्या दिवशी पायजम्याची नाडी चार बोटं जास्त आवळावी लागली, मांड्या इतक्या वाळल्या होत्या. घरच्या जिन्याच्या पाच पायऱ्या चढताना कठडा धरून त्यांनी डोळे मिटले, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढचं पाऊण वर्ष ते वाकायलाच घाबरायचे. जमिनीवर पडलेला चष्मा उचलायला आम्हाला हाक मारायचे. या कामात मी आले त्याचं एक कारण तो चष्मा.

त्याच दशकात चित्र बदलत होतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या सर्जननी १९९६ साली ५० पेशंटचा अनुभव छापला. गादीच्या ऑपरेशननंतर त्यांनी या माणसांवर हालचालींचं कुठलंच बंधन घातलं नव्हतं, जमेल तितक्या लवकर नेहमीच्या कामाला लागा असं सांगितलं होतं. सरासरी दोन आठवड्यांच्या आत माणसं कामावर गेली आणि गादी पुन्हा सरकायचं प्रमाण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. २०१४ साली कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात २२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यात दिसलं की चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं आणि अडलेपण काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी होतं. व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते, असा पुरावा मिळाला नाही. हे सासूबाईंना माझ्या नावानं वाचून दाखवा. ‘आतलं सुटेल’ या त्यांच्या भीतीवर सांगा, की तुमच्या ऑपरेशनमध्ये आत काही बांधलेलं नाही, सळ्या-स्क्रू घातलेले नाहीत. बाहेर आलेला एक तुकडा फक्त काढला आहे. ज्यांचे मणके स्क्रू घालून जोडलेले असतात किंवा ज्यांच्या मज्जारज्जूच्या आवरणाला ऑपरेशनमध्ये भोक पडलेलं असतं, त्यांचे नियम वेगळे. म्हणून तुमच्या सर्जनना एकदा विचारून घ्या, ‘माझ्या बाबतीत चालण्या-वाकण्यावर काही खास बंधन आहे का?’ ते सांगतील तो शब्द माझ्यापेक्षा मोठा, कारण आत काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

व्हिडिओतल्या ताणण्याकडे येते. नस सरकती ठेवायचे व्यायाम असतात, मीही शिकवते. पण त्यात दोन जाती आहेत. एकात नस एका टोकाला सैल सोडतात आणि दुसऱ्या टोकाला ओढतात, म्हणजे ती नळीतल्या दोरीसारखी सरकते. दुसऱ्यात दोन्ही टोकं ताणतात. मोबाइलवर बहुतेक दुसरीच जात असते, कारण ती बघायला जोरदार दिसते. माझ्याकडे एक तरुण पेशंट आला होता, ऑपरेशनला महिना झालेला. जमिनीवर बसायचा, पाय सरळ, पंज्याला टॉवेल अडकवून श्वास रोखून ओढायचा, तासातासाला. नस चिकटू नये म्हणून. त्या ओढण्यामुळेच त्याच्या पोटरीत आग पडायला लागली होती आणि त्याला वाटत होतं की जाळी धरली, म्हणून तो आणखी ओढत होता. टॉवेल बंद केला, फक्त चालायला लावलं, दोन आठवड्यांत आग विझली.

सर्जननी हो म्हटल्यावर तुम्ही एवढंच करा. उताणं झोपा, उशीवर डोकं. डावा गुडघा पोटाकडे घ्या, मांडी उभी होईल इतपतच, आणि दोन्ही हातांनी मांडीमागून आधार द्या. आता गुडघा सावकाश सरळ करत जा. पोटरीत किंवा गुडघ्यामागे पहिली ओढ जाणवली की तिथं धरून ठेवायचं नाही, पुढे रेटायचं तर अजिबात नाही, लगेच परत दुमडायचं. पाऊल सैल ठेवा, बोटं आपल्याकडे ओढू नका. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. संपल्यावर पाय आधीपेक्षा हलका वाटला पाहिजे. जड किंवा झिणझिणलेला वाटला तर जास्त झालं असं समजा आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या. याचाही गाजावाजा मी करणार नाही. ऑस्ट्रेलियात मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या ८१ जणांवर या व्यायामांची नीट चाचणी झाली, २००१ साली निकाल आला. नेहमीच्या उपचारांत हे व्यायाम जोडून जास्तीचा फायदा दिसला नाही. मग मी ते का देते? पाय सरळ करायची भीती ज्यांच्या मनात बसलेली असते, त्यांना तो पाय पुन्हा आपल्या हातानं सरळ करून बघता येतो म्हणून. चालणं नीट चालू असेल आणि हा व्यायाम एखादे दिवशी राहिला, तर जीव खाली-वर करायचं कारण नाही.

शेजारच्या बाईंच्या सुजेच्या गोळ्या म्हणजे बहुधा सेरॅशिओपेप्टिडेज. आपल्याकडे ती दात काढल्यापासून पाय मुरगळण्यापर्यंत सगळीकडे लिहून दिली जाते. नसेभोवतीची जाळी तिनं विरघळते याला आधार नाही. डॉक्टरांनी दिल्या तितके दिवस घेतल्या, झालं. दुकानातून आणून चालू ठेवू नका, आणि रक्त पातळ करायचं औषध घरात कोणी घेत असेल तर त्यांनी तर मुळीच नको.

मालीश सध्या नाही. टाक्यांची जागा पूर्ण भरली, खपली गेली, कुठे ओलसरपणा नाही आणि सर्जननी बघून होकार दिला, साधारण सहा आठवड्यांनी, की व्रणावर खोबरेल तेलाचं बोट ठेवून कातडी हलकेच गोल फिरवा, दोन-तीन मिनिटं. त्यानं वरची कातडी मऊ पडते, खाज आणि ओढल्यासारखं वाटणं कमी होतं, आणि आपल्याच व्रणाला हात लावायची धास्ती जाते. नसेजवळची जाळी मात्र त्याच्याही खूप खाली, स्नायू आणि हाडाच्या आड असते. तिथवर कोणाचंच बोट पोचत नाही. ‘जाळी मोडून देतो’ म्हणत पाठीवर कोपर रोवणारा, पाय देणारा, कंबर कडकन वाजवणारा कोणी भेटला तर त्याच्या हाती पाठ देऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. शेक घ्यायचा तर पाठीच्या वरच्या स्नायूंना, कोमट, जखमेपासून लांब. आणि पाऊल-पोटरीला जिथं बधिर वाटतं तिथं गरम पाण्याची पिशवी कधीच नको. एका काकूंच्या पोटरीवर रुपयाएवढे तीन फोड आले होते. पिशवी गरम आहे हे त्यांना कळलंच नाही, जळाल्याचं सुनेनं पाहिलं.

तंबाखूचं विचारल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भागात बायकांची मिश्री घरात सगळ्यांना माहीत असते आणि डॉक्टरांसमोर कोणी काढत नाही. तुम्ही लावत असाल तर या महिन्यांत तरी सोडा. तंबाखूनं बारक्या रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम रेंगाळते. साखर असेल तर ती ताब्यात ठेवणं हाही जखम भरण्याचाच उपचार. प्रथिनं कमी पडू देऊ नका, रोज घट्ट वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं.

घरच्या कामांचं थोडं. पहिले सहा आठवडे वाकून वळणं एकाच वेळी नको. बादली उचलून बाजूला ठेवताना नेमकं तेच होतं. तांब्यानं पाणी काढा, भरलेली बादली, हंडा, गॅसचं सिलिंडर दुसऱ्यांनी उचलावं. जेवायला पाटावर नको, खुर्चीवर बसा, आणि कमोडची सोय नसेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. बसणं एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, मग उठून एक फेरी. पट्टा दिला असेल तर सांगितलेल्या मुदतीपुरताच बांधा, त्याच्या आधाराची सवय लावून घेऊ नका. शाळेत परत जाताना वर्गापेक्षा एसटी जास्त त्रास देते. मागच्या चाकावरची सीट टाळा, पुढची मधली घ्या. मुलांच्या वह्या खाली वाकून तपासण्याऐवजी मुलांनाच टेबलाशी बोलवा.

काही गोष्टी मात्र जाळी, मुंग्या, व्यायाम या चर्चेच्या बाहेरच्या आहेत. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, बसल्यावर जी जागा खुर्चीला टेकते तिथं किंवा लघवीच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचललं जाईना, चप्पल पायातून निसटायला लागली, तर मिनिटभरही वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तरी. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झालं की कमी होणं, एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा, धाप लागणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. जुनी कळ एकाएकी, शिंकेसरशी किंवा काही उचलताना पहिल्यासारखी जोरात आली तर सर्जनना फोन करा. ते गादीचं लक्षण असू शकतं आणि त्यावर इलाज आहे.

दिरांसाठी शेवटचं. चार वर्षं नुसत्या गोळ्यांवर काढायचं कारण नाही. त्यांनी वेदनातज्ज्ञांना एकदा दाखवावं. नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. दुखऱ्या नसेजवळ इंजेक्शन देता येतं. बारीक नळी घालून जाळी सैल करायची एक पद्धत अमेरिकेतल्या डॉक्टर गॅबर रॅझ यांनी रुळवली, तीही आपल्याकडच्या मोठ्या शहरांत करतात. काहींना तिनं आराम पडतो, काहींना नाही. अगदीच हट्टी दुखण्यात मणक्याजवळ तार बसवून बारीक विजेचे संदेश देणारं यंत्र असतं, ते महाग आहे. नुसती जाळी काढायला पुन्हा ऑपरेशन करायला चांगले सर्जन सहसा तयार होत नाहीत, कारण नव्या जखमेत नवी जाळी धरते. पण गादीचा तुकडा पुन्हा आलेला निघाला तर गोष्ट वेगळी. त्यांना सगळ्या जुन्या फिल्म, सीडी आणि ऑपरेशनचा कागद घेऊन जायला सांगा, नुसता रिपोर्ट नको. आणि तुम्ही सहा आठवडे झाले की मला पुन्हा लिहा : एका वेळी किती मिनिटं चालता, मुंग्या पायात कुठपर्यंत येतात आणि सकाळी मोजा घालायला वाकता येतं का.